बद्द वाजणारी पेनी

अमेरिकेतलं एक सेंटचं नाणं, म्हणजे तांब्याची पेनी, बंद झाली हे आमच्या बँकेत कुणाच्याच लक्षात आलं नाही. सरकारनं ते जाहीर केलं होतं, वर्तमानपत्रातही कुठेतरी छापून आलं असणार, आणि मुख्य कचेरीनं पाठवलेलं पत्रक तर आमच्याच ट्रेमध्ये सुट्ट्यांच्या यादीखाली पडून होतं. पण १९८२ साली पेनीचा ना रंग बदलला, ना आकार. दाढीवाल्या अध्यक्षांचा चेहरा होता तसाच राहिला. आतलं तांबं गेलं, जस्त आलं आणि वर तांब्याचा नुसता मुलामा राहिला. आम्ही रोज हजारो पेन्या हाताळत होतो, आणि आम्हाला काही म्हणता काही कळलं नाही. ज्यांना कळलं त्यांना दिसत नव्हतं.

मी तेव्हा जर्सी सिटीतल्या एका छोट्या बचत बँकेत टेलर होते. लग्न होऊन मिरजेहून आले त्याला तीन वर्षं झाली होती. नवरा एका केबलच्या कारखान्यात मेटलर्जिस्ट होता. दिवसभर घरात बसून रेडिएटरची खटखट ऐकण्यापेक्षा बरं, म्हणून मी अर्ज केला आणि नोकरी लागली. "टेलर म्हणून लागले" असं घरी कळवलं, तर आईचं उलट टपाली पत्र आलं: "बी.कॉम. होऊन तिकडे कपडे शिवतेस?" काउंटरवर पैसे घेणारी-देणारी म्हणजे टेलर, हे समजावायला मला दोन एअरोग्राम लागले.

आमच्या शाखेत चार खिडक्या होत्या, आणि चारही खिडक्यांवर हेड टेलर बाईंची नजर असायची. मी मनात त्यांना हेडबाई म्हणायचे. पन्नाशीच्या, इटालियन घरातल्या, केस वर बांधलेले, चष्मा साखळीला. खिडक्यांच्या मागे भिंतीला लागून एक करडा लोखंडी वजनकाटा होता. सुट्या पेन्यांची पिशवी त्यावर ठेवायची, वजनावरून तबकडीवर येणारा पेन्यांचा आकडा वाचायचा आणि तेवढे पैसे खात्यात जमा करायचे. पेन्या कोण मोजत बसणार? क्वार्टर, डाइम, निकल, म्हणजे पंचवीस, दहा आणि पाच सेंटची नाणी, हातानं मोजायचो, पेन्या काट्यावर टाकायचो. हेडबाईंचा त्या काट्यावर भारी विश्वास. "माणसं चुकतात," त्या म्हणायच्या, "काटा चुकत नाही."

दर शुक्रवारी अकराच्या सुमाराला एक गृहस्थ यायचे. साठीच्या पुढचे, उंच, काळे, इस्त्रीचा शर्ट, हातात पांढरी काठी. पलीकडच्या कोर्टाच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांचा स्टॉल होता: वर्तमानपत्रं, च्युइंगगम, चॉकलेटं, सिगरेटी. त्यांना अजिबात दिसत नसे. दारापासून माझ्या खिडकीपर्यंत अकरा पावलं आहेत हे मला त्यांच्याकडून कळलं. त्यांच्या वयाच्या माणसाला नावानं हाक मारायची माझ्या जिभेला सवय नव्हती. तोंडानं 'सर' म्हणत असले तरी मनात मी त्यांना काका म्हणायचे.

त्यांचं पैशांचं काम मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे हात थांबले होते. अमेरिकेतल्या नोटा सगळ्या एकाच मापाच्या. एकची आणि वीसची, हाताला काहीच फरक नाही. काकांची एकची नोट सपाट असायची, पाचचीला मधोमध घडी, दहाचीला लांबीतून घडी, विसाचीला दोन्ही. गिऱ्हाइकानं नोट दिली की ते विचारायचे, "किती आहे?" आणि तो सांगेल त्याप्रमाणे घडी घालायचे.

"आणि कुणी खोटं सांगितलं तर?" मी एकदा विचारलं.

"मागच्या वर्षी एकानं सांगितलं होतं," ते म्हणाले. "एक देऊन पाच म्हणाला. दुसऱ्या दिवशी येऊन चार डॉलर ठेवून गेला. कोर्टात तारीख होती म्हणे, डोकं ठिकाणावर नव्हतं."

मी त्यांच्या नोटांचे गठ्ठे तपासायचे. एका वर्षात एकही घडी चुकीची निघाली नव्हती.

नाणी ते चार कापडी पिशव्यांतून आणायचे. प्रत्येक पिशवीला वेगळी गाठ. आकडा आधीच तोंडी सांगायचे, मी मोजून तोच आकडा लिहायचे. मग १९८३ सालच्या त्या हिवाळ्यात पेन्या कमी भरायला लागल्या.

त्यांच्याच नाही, सगळ्यांच्याच. नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान चालवणाऱ्या लाँड्रोमॅटवाल्याच्या कमी भरल्या, बेकरीवालीच्या कमी भरल्या, चर्चच्या दानपेटीतल्या पेन्या घेऊन येणाऱ्या एका पोलिश आजींच्याही कमी भरल्या. कुणाच्या पाच सेंट कमी, कुणाच्या अकरा. हेडबाई एका हिरव्या वहीत तारीख, नाव आणि किती कमी ते लिहून ठेवायच्या आणि मान हलवायच्या. "शाळांतून मोजणं शिकवतच नाहीत आता," म्हणायच्या. लोक कुरकुरत, पण पाच सेंटसाठी कोण भांडणार? बहुतेकांना वाटायचं आपलंच चुकलं. मलाही तसंच वाटायचं.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी काकांच्या पिशवीत नऊ पेन्या कमी निघाल्या. मी सांगितलं तेव्हा त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता तर असेल." पुढच्या शुक्रवारी चौदा कमी. त्या दिवशी त्यांनी पावती खिशात ठेवली आणि जाताना त्यांची काठी दाराच्या चौकटीला लागली. एरवी ती कधी लागत नसे.

तिसऱ्या शुक्रवारी ते आले तेव्हा रांगेत सात-आठ माणसं होती. पेन्यांची पिशवी त्यांनी वेगळी पुढे केली.

"यात पाचशे आहेत," म्हणाले. "तीनदा मोजल्यात."

मी पिशवी काट्यावर ठेवली. काटा चारशे ऐंशीवर थांबला. मी सांगायला तोंड उघडणार तोच हेडबाई मागून आल्या आणि त्यांनीच आकडा सांगितला. "वीस कमी आहेत, सर."

"नाहीत," काका म्हणाले. आवाज चढवला नाही. "पाचशे आहेत."

"काटा चारशे ऐंशी दाखवतोय."

"काट्याला मोजता येत नाही, मॅम. त्याला फक्त वजन कळतं."

रांगेतल्या कुणीतरी घड्याळ पाहिलं. हेडबाईंच्या गळ्याशी लाली चढली. काकांनी हात पुढे केला. "मला त्यातल्या मूठभर द्या. इथे दगड आहे ना?" आमचा काउंटर जुना, संगमरवरी होता. त्यांनी बोटांनी तो चाचपला, एक पेनी चिमटीत धरली आणि वीतभर उंचीवरून टाकली.

टण्ण. आवाज उठला आणि हवेत जरा रेंगाळला.

"ऐकलंत? आता ही ऐका."

थड्. पडली आणि संपली.

लहानपणी बाजारात कुणी रुपया दिला की भाजीवाली तो दगडावर आपटून पाहायची. खणखणीत वाजला तर कमरेच्या पिशवीत, बद्द वाजला तर परत. मी ते हजारदा पाहिलं होतं. तोच आवाज त्या सकाळी माझ्या समोर, माझ्या काउंटरवर वाजला. सहा महिने मी हीच नाणी ढकलत होते. रोज, हातांनी. माझ्या कानांनी एकदाही दाद दिली नव्हती.

"मला तर दोन्ही सारख्याच वाटतात," हेडबाई म्हणाल्या.

"मग तुम्ही टाका. मी सांगतो."

हेडबाई हट्टी होत्या, पण लबाड नव्हत्या. त्यांनी चष्मा चढवला, पिशवीतून मूठभर पेन्या काढल्या आणि एकेक टाकायला लागल्या. प्रत्येक नाण्यावरचं वर्ष वाचायचं काम माझ्याकडे आलं.

"जुनी," काका म्हणाले. एकोणीसशे चौऱ्याहत्तर.

"जुनी." अडुसष्ट.

"नवी." त्र्याऐंशी. कोरी करकरीत.

"जुनी. जुनी. नवी. जुनी."

रांगेतली माणसं हळूहळू पुढे सरकली. घड्याळ पाहणारा माणूस आता काउंटरवर कोपर टेकून उभा होता. पंधरा-सोळा पेन्या झाल्या आणि हेडबाईंनी पाठोपाठ दोन टाकल्या.

"जुनी," काका म्हणाले. मग, "नवी."

मी दोन्ही उचलल्या. दोन्हींवर ब्याऐंशी होतं. मी ते वाचलं आणि मला मनातून वाईट वाटलं. हेडबाईंनी सुस्कारा टाकला. त्यात विजय नव्हता, सुटका होती. "सर, इथे चुकलात. दोन्ही एकाच वर्षाच्या आहेत."

काकांनी दोन्ही पेन्या मागून घेतल्या. अंगठ्यानं पुसल्या. पुन्हा टाकल्या, आधी एक, मग दुसरी. "ही जुनी," म्हणाले. "ही नवी. वर्ष मला वाचता येत नाही, मॅम. मी ऐकतो ते सांगतो."

मला काय सुचलं कोण जाणे, मी ड्रॉवरमधली लाकडी पट्टी काढली, पेन्सिल आडवी ठेवली, तिच्यावर पट्टी तोलली आणि दोन टोकांना ब्याऐंशीच्या दोन पेन्या ठेवल्या. पट्टी दोनदा घसरली. तिसऱ्यांदा बोटं काढून घेतली.

पट्टी सावकाश एका बाजूला कलली आणि काकांनी जुनी म्हटलेली पेनी खाली टेकली.

मी पेन्यांची जागा बदलली. पट्टी दुसऱ्या बाजूला कलली. पुन्हा तीच खाली.

"ओ माय गॉड," रांगेतली एक बाई अगदी हलकेच म्हणाली. मी त्या दोन नाण्यांकडे बघत राहिले. एकच चेहरा, एकच साल, एकच रंग. भिंग घेऊन पाहिलं असतं तरी मला फरक कळला नसता. आणि हा माणूस वीतभर उंचीवरून पडलेल्या आवाजावरून सांगत होता की एकाच वर्षी सरकारनं दोन वेगळ्या धातूंची नाणी पाडली आहेत. पुढे पत्रक सापडलं, त्यात अगदी तेच लिहिलं होतं. वर्षाचा काही भाग तांब्याच्या पेन्या आणि काही भाग जस्ताच्या. नवी पेनी हलकी, त्यामुळे मिसळलेल्या पेन्या काट्यावर कमी भरणार, हेही त्यात होतं.

पण पत्रक दुपारी सापडलं. त्या वेळी हेडबाईंनी काही शोधलं नाही. त्यांनी काटा बाजूला सारला, पिशवी संगमरवरावर रिकामी केली आणि स्वतः मोजायला लागल्या. दहा-दहाच्या चळती. सगळी रांग थांबलेली. कुणी दुसऱ्या खिडकीवर गेलं नाही. शेवटची चळत पुरी झाली तेव्हा पन्नास चळती होत्या आणि एकही पेनी उरली नव्हती.

"पाचशे," हेडबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सर, मला माफ करा."

काकांनी काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली. मला वाटलं ते आता रागावतील.

"गेले दोन आठवडे," ते म्हणाले, "मला वाटत होतं की आता हेही गेलं."

"काय गेलं?" मी विचारलं.

"मोजणं. डोळे गेले ते गेले. रोज स्टॉल बंद केला की घरी बसून मोजत होतो. दर वेळी बरोबर यायचं, आणि इथे आलं की चूक. मग माणूस काय समजणार?"

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं जेवता जेवता मान हलवली. "अगं, काहीतरीच. अर्ध्या ग्रॅमहून थोडा जास्त फरक असेल. एवढा कानानं कळणं इम्पॉसिबल आहे."

"अहो, मी समोर उभी होते."

"लक असेल. जस्त आवाज खातं हे खरं, पण एकही न चुकता? यार, आम्हाला लॅबमध्ये इन्स्ट्रुमेंट लागतं."

तो हसला, पण विषय त्याच्या डोक्यातून गेला नाही. पुढच्या आठवड्यात त्यानं कारखान्याच्या लॅबमध्ये तीस पेन्या एकेक करून तोलल्या, छोट्या पाकिटांत घातल्या, वर नंबर टाकले, अर्धा दिवस रजा काढली आणि माझ्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं कोर्टाच्या इमारतीत गेलो.

काकांनी माझा आवाज ओळखला. नवऱ्यानं आपली ओळख सांगितली, जरा ओशाळून पाकिटांचं सांगितलं. मला वाटलं ते नाही म्हणतील. माणूस काय सर्कशीतला आहे? पण ते खूश झाले. "इथे लाकूड आहे, लाकूड आवाज गिळतं," म्हणाले. "खिडकीपाशी चला, तिथे दगडी कट्टा आहे." शेजारच्या बूटपॉलिशवाल्याला स्टॉलवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि आमच्यापुढे ताडताड चालत गेले.

तीस पाकिटं उघडायला वीस मिनिटं लागली. नवरा एकेक पेनी टाकायचा, काका सांगायचे, मी नंबरापुढे लिहायचे. नंतर नवऱ्यानं आपली यादी काढून ताडून पाहिली. एकोणतीस बरोबर. एक चूक.

"कुठली चुकली?" काकांनी लगेच विचारलं.

"सतरा नंबर. जुनी आहे, तुम्ही नवी म्हणालात."

"द्या बरं." त्यांनी ती दोनदा टाकली, बोटांनी फिरवली आणि हसले. "हिला चीर पडलीये. कडेला बघा."

नवऱ्यानं पेनी उजेडात धरली. कडेला केसाएवढी चीर होती. त्यानं ती माझ्याकडे दिली, मग परत घेतली, मग पुन्हा पाहिली. रोज धातू हाताळणारा माणूस, आणि तोलताना त्याला ती दिसली नव्हती.

"तुम्ही हे कसं शिकलात?" त्यानं विचारलं. आता त्याच्या आवाजात परीक्षा नव्हती.

काकांनी सरळ सांगितलं. एकतिसाव्या वर्षी त्यांचे डोळे गेले, एका वर्षात दोन्ही. ते बहिणीकडे राहायला गेले. आता पुढे काय करायचं, तर अंधांना सरकारी इमारतींत स्टॉल मिळतो असं कळलं, पण त्यासाठी पैसे ओळखता यायला हवेत. मग रोज दुपारी बहीण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून नाणी टाकायची आणि ते ओळखायचे. स्पर्शानं नाणी लवकर कळली. पण गिऱ्हाईक नाणी फेकून निघून जातं, चाचपायला वेळ नसतो, म्हणून आवाजानं ओळखायचं त्यांनी ठरवलं.

"पहिल्या महिन्यात फक्त क्वार्टर कळायचं," ते म्हणाले. "बाकी सगळी एकच. मेव्हणा वैतागायचा, म्हणायचा या घरात रोज दुपारी नाण्यांचा पाऊस पडतो. डाइम आणि पेनी वेगळी व्हायला मला सव्वा वर्ष लागलं."

"सव्वा वर्ष?" मी म्हणाले.

"रोज दोन तास. बहिणीच्या मांडीवर बाळ असायचं, तरी टाकायची. तिचंच श्रेय म्हणा."

मिरजेत आमचं घर सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत होतं. शेजारचे म्हातारे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना तारेखाली दोरा सरकवत, डोळे मिटत आणि ऐकत. दोरा एक केस सरकला की आवाज एकदम उमलायचा. मला लहानपणी वाटायचं की डोळे मिटले की माणसाला ऐकू येतं. मी घरी येऊन डोळे मिटून बसायचे आणि मला काहीच वेगळं ऐकू यायचं नाही. त्या दगडी कट्ट्यापाशी मला सव्वा वर्षाच्या त्या दुपारी दिसायला लागल्या, एक बाई मांडीवर बाळ घेऊन नाणं टाकतेय, पुन्हा टाकतेय, आणि एक तरुण माणूस चुकतोय, पुन्हा चुकतोय. समोरच्या माणसाचं नुसतं कौतुक वाटावं एवढं ते लहान नव्हतं. मला त्यांना वाकून नमस्कार करावासा वाटला. इमारतीत वकील ये-जा करत होते, म्हणून राहून गेला.

"तुमच्या भाषेत याला शब्द आहे का?" काकांनी मला विचारलं. "या मेलेल्या आवाजाला?"

"आहे. बद्द."

"बद्द," ते म्हणाले. 'द्द' त्यांना पहिल्याच झटक्यात नीट जमला. "वा. शब्दही तसाच वाजतो."

परत निघाल्यावर नवरा बसस्टॉपपर्यंत ती चीर पडलेली पेनी बोटांत फिरवत राहिला. मग एवढंच म्हणाला, "सतरा नंबर मी दोनदा तोलली होती गं."

इकडे बँकेत हेडबाईंनी काट्यावर पुठ्ठा चिकटवला होता: पेन्यांसाठी वापरू नये. आता सुट्या पेन्या हातानं मोजायच्या, नाहीतर गिऱ्हाइकांनी पन्नास-पन्नासच्या कागदी गुंडाळ्या करून आणायच्या. रांगा लांबल्या, लोक वैतागले, लाँड्रोमॅटवाल्यानं तर पेन्या आणणंच सोडून दिलं. हेडबाई शांतपणे ऐकून घ्यायच्या. आणि त्यांनी ती हिरवी वही काढली.

हिवाळा सुरू झाल्यापासून ज्याच्या ज्याच्या पेन्या कमी भरल्या त्या सगळ्यांच्या नोंदी वहीत होत्या. त्यांनी दोन दिवस बसून यादी केली, मॅनेजरांकडून मंजुरी आणली आणि प्रत्येकासाठी एक पाकीट केलं. कुणाचे सात सेंट, कुणाचे सव्वीस. पाकीट पाठवायला वीस सेंटचं तिकीट लागणार होतं. मॅनेजर म्हणाले, येतील तेव्हा द्या, फोन कशाला? हेडबाईंनी सगळ्यांना फोन केले. काकांचे नऊ आणि चौदा सेंट मी स्वतः त्यांच्या हातात दिले.

पोलिश आजींचा फोन लागेना. जानेवारीनंतर त्या बँकेत आल्याच नव्हत्या. एका संध्याकाळी बँक बंद झाल्यावर हेडबाई कोट चढवत मला म्हणाल्या, "तू येतेस का माझ्याबरोबर? तीन गल्ल्या पलीकडे राहतात." आम्ही बर्फाच्या चिखलातून चालत गेलो.

आजी दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. दार उघडलं आणि हेडबाईंना पाहून त्यांचा चेहरा पडला. आम्ही आणखी काही कमी भरलं म्हणून आलो आहोत असं त्यांना वाटलं असणार. आत बसवलं, चहा ठेवला, पण नजर वर करेनात.

"तुम्ही हल्ली येत नाही," हेडबाई म्हणाल्या.

"मी ते काम सोडलं," आजी म्हणाल्या. "तीनदा कमी भरले. फादर काही बोलले नाहीत, चांगले आहेत ते. पण देवाच्या पेटीतले पैसे. लोक काय म्हणतील? बावीस वर्षं मी मोजत होते. म्हटलं, आता डोकं चालत नाही, दुसऱ्या कुणाला तरी द्या."

हेडबाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं. मग सगळं सांगितलं, काहीही न वगळता. पेनी बदलली ते, पत्रक आपण वाचलं नाही ते, काट्यावर भरवसा ठेवला ते. "तुमचं मोजणं बरोबर होतं," म्हणाल्या. "तिन्ही वेळा. चूक माझी."

आजींनी पाकीट उघडलं. एकतीस सेंट होते. त्यांनी ते हातात धरले, छातीवर क्रूस काढला आणि मग भडकल्या. अशा भडकल्या की चहा उतू गेला तरी कुणाचं लक्ष गेलं नाही. अर्धं इंग्रजीत, अर्धं पोलिशमध्ये. दोन महिने झोप नाही, मुलीनं डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरनं मला वार विचारला, राष्ट्राध्यक्ष कोण विचारलं, जसं काही मी खुळी झालेय! हेडबाई मान खाली घालून ऐकत होत्या. चष्म्याची साखळी तेवढी हलत होती. मी त्या शाखेत दीड वर्ष होते, या बाईला कुणापुढे मान खाली घालताना मी पाहिलं नव्हतं. तीन गल्ल्या चालत येऊन, एकतीस सेंट देऊन, एवढं ऐकून घ्यायचं त्यांना काहीच कारण नव्हतं. पाकीट टपालानं गेलं असतं तरी चाललं असतं.

राग ओसरला तसा आजींनी दुसरा चहा केला. निघताना त्यांनी आमच्या खिशांत एकेक सफरचंद कोंबलं. पुढच्या सोमवारी त्या बँकेत आल्या, पेन्यांच्या नऊ गुंडाळ्या घेऊन, आणि हेडबाईंच्या पुढ्यात त्यांनी त्या धाडकन ठेवल्या. "मोजा," म्हणाल्या. हेडबाईंनी गुंडाळ्या सोडून सगळ्या मोजल्या.

शुक्रवारी काका आले तेव्हा मी त्यांना आजींची गोष्ट सांगितली. ते काउंटरवर हात ठेवून सगळं ऐकत राहिले.

"रागावल्या का?" त्यांनी विचारलं.

"खूप."

"बरं झालं," ते म्हणाले. "मला नीट रागावताच आलं नाही." मग त्यांनी पाचच्या दोन नोटा मागितल्या. मी दिल्या, पाचच्याच आहेत म्हणून सांगितलं, आणि ते त्यांना घड्या घालत असताना मागची बाई लाँड्रीसाठी क्वार्टर मागायला पुढे आली.